मोटारगाडी : देखभाल व दोषशोधन

मोटारगाडीचे निरनिराळे भाग सुरक्षित व कार्यक्षम स्थितीत राहावेत म्हणून ठराविक काळाने करावयाची तपासणी, स्वच्छता, वंगण, जुळणी व भागबदल या क्रियांना देखभाल म्हणतात. तर बिघाडाच्या लक्षणांवरून त्याच्या कारणापर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीस दोषशोधन म्हणतात. देखभालीचा बराचसा भाग गॅरेजमध्ये कुशल कारागिराकडून करून घ्यावा लागतो. दोषशोधनाची सुरुवात मात्र चालकापासून होते. बिघाड प्रथम त्याच्याच हातापायांना, कानांना व नाकाला जाणवतो आणि गाडी गॅरेजमध्ये नेऊन उभी केल्यावर तो पुष्कळदा नाहीसा झालेला असतो. म्हणून ‘काय होते’ याइतकेच ‘केव्हा होते’ हे कारागिराला सांगता येणे महत्त्वाचे असते. दोष एंजिन थंड असताना दिसतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की वेगात, चढावर की उतारावर, कोणत्या बाजूच्या वळणावर, पावसात की कोरड्या हवेत, हे कळले की संशयित भागांची संख्या झपाट्याने कमी होते.

पुणे शहराच्या पूर्वेकडील हडपसर हे उपनगर या दृष्टीने चांगले उदाहरण आहे. येथील गाडीतळ या ठिकाणी पुणे–सोलापूर रस्त्यापासून सासवडकडे जाणारा रस्ता फुटतो. गाडीतळापर्यंत वाहनांची दाटी असते. पुढे फुरसुंगी, उरुळी देवाची व वडकी या गावांवरून जाऊन हा रस्ता दिवे घाट चढतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच घाटाने सासवडला जाते. हडपसरहून सासवडला जाऊन परत येणाऱ्या गाडीला गर्दीत रखडत चालणे, सलग चढण आणि परतताना सलग उतार अशा तीन भिन्न परीक्षा थोड्या अंतरात द्याव्या लागतात. सपाट रस्त्यावर महिनोन् महिने दडून राहिलेला दोष अशा फेरीत उघड होतो.

जुन्या व नव्या गाड्या : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या फियाट व पुढे पद्मिनी या गाड्या, तसेच हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर, या अनेक दशके महाराष्ट्रातील रस्त्यांवर सर्वत्र दिसत. त्यांची रचना साधी असल्याने चालकाला पुष्कळ गोष्टी स्वतःच कराव्या लागत व करताही येत. प्लग घासून साफ करणे, ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतील पॉइंटमधील फट जुळविणे, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून मोकळा करणे ही कामे रस्त्याच्या कडेलाही होत. उन्हाळ्यात घाट चढताना एंजिनालगत बसविलेला पेट्रोल पंप तापून त्यातील पेट्रोलची वाफ होई व एंजिन बंद पडे. तेव्हा पंपावर ओले फडके टाकून वाट पाहणे हा परिचित उपाय होता. २००० नंतर उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखालील इंधन अंतःक्षेपणाने घेतली. आता पेट्रोल पंप विजेवर चालणारा असून तो टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे ओल्या फडक्याची गरज संपली आहे. मात्र पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहत असल्याने टाकी नेहमी जवळजवळ रिकामी ठेवून गाडी चालविण्याची सवय त्याचे आयुष्य कमी करते. नव्या गाडीत मालकाने जुळवावयाचे भाग फारसे उरलेले नाहीत. निरीक्षणाचे काम तेवढेच राहिले आहे.

शीतलन : इंधनाच्या ज्वलनातून मुक्त होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश ऊर्जा शीतलकावाटे बाहेर टाकावी लागते. पाण्याचा पंप शीतलकाला एंजिनातून रेडिएटरकडे फिरवितो व तेथे हवेच्या झोतात तो थंड होतो. पुणे सु. ५६० मी. उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सु. ९८° से. तापमानास उकळते, एंजिनातील शीतलकाचे तापमान मात्र सर्वसाधारणपणे ८५° ते १०५° से. असते. तरीही तो उकळत नाही याची दोन कारणे आहेत. झाकणातील दाबझडपेमुळे यंत्रणेत वातावरणापेक्षा अधिक दाब राहतो आणि शीतलकात मिसळलेल्या ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू वाढतो. तापलेल्या एंजिनाचे झाकण उघडणे घातक ठरते ते यामुळेच. दाब एकदम उतरताच आतील द्रव उकळून कारंज्यासारखा बाहेर उसळतो व चेहरा आणि हात भाजतात. 

एंजिन केव्हा तापते यावरून कारणाचा अंदाज करता येतो. धावती गाडी समोरच्या वाऱ्याने थंड राहते, तर उभ्या गाडीतील रेडिएटर सर्वस्वी पंख्यावर अवलंबून असतो. म्हणून गाडीतळाच्या गर्दीत काटा वर चढत असेल व रस्ता मोकळा होताच खाली येत असेल, तर पंख्याची मोटर, तिचा फ्यूज, रिले किंवा तापमान संवेदक यांत दोष असण्याचा संभव अधिक. उलट गर्दीत काटा जागेवर राहत असेल, परंतु दिवे घाटाच्या चढणीवर वाढत असेल, तर शीतलकाची पातळी कमी असणे, रेडिएटर आतून गाळाने वा बाहेरून धूळ-किड्यांनी तुंबणे, थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणे किंवा पाण्याच्या पंपाची झीज यांकडे लक्ष द्यावे लागते. थंड एंजिन सुरू करून थोड्याच वेळात काटा लाल पट्ट्यात जाणे, शीतलकात बुडबुडे दिसणे आणि नळीतून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास सिलिंडर शीर्षाचे गास्केट जळाले असण्याची शक्यता असते. हिवाळ्यातील सकाळी निघणारी व लगेच विरणारी वाफ याहून वेगळी असून ती निरुपद्रवी आहे.

काटा वाढू लागताच वातानुकूलन बंद करावे. गाडी थांबविणे तत्काळ शक्य नसेल, तर काचा उघडून हीटर पूर्ण वेगाने सुरू केल्यास काही उष्णता प्रवासी कक्षात येऊन एंजिनाचा भार हलका होतो; मे महिन्याच्या दुपारी हा उपाय सुखकारक नसला तरी काही मिनिटे मिळवून देतो. काटा लाल पट्ट्याला टेकल्यास गाडी वळण टाळून सुरक्षित कडेला घ्यावी, एंजिन बंद करावे आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या एंजिनावर गार पाणी ओतल्यास ॲल्युमिनियमचे शीर्ष वाकते किंवा त्यास तडा जातो. वर गेलेला काटा गाडी धावत असताना अचानक खाली येणे हे नेहमीच दिलाशाचे लक्षण नसते. शीतलक पूर्णपणे वाहून गेला असल्यास संवेदक कोरडा पडतो व कमी तापमान दाखवितो. अशा वेळी हीटरमधून गार हवा येऊ लागते, यावरून खरी स्थिती ओळखता येते.

महाराष्ट्राच्या पठारावर पाणी गोठत नाही, तेव्हा शीतलकाऐवजी साधे पाणी का वापरू नये, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. शीतलकातील गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमचे भाग, पंप व रेडिएटर यांचे संरक्षण करतात, तर विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार आत थरांच्या रूपाने साचतात. अडचणीच्या वेळी पाणी घालावे. मात्र नंतर यंत्रणा धुऊन योग्य प्रमाणातील मिश्रण भरून घ्यावे. शीतलक विषारी व चवीला गोड असल्याने तो मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

ब्रेक : ब्रेक गाडीच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतात. सपाट रस्त्यावर ही उष्णता दोन थांब्यांच्या दरम्यान हवेत निघून जाते. लांब उतारावर तिला तेवढी उसंत मिळत नाही. १,००० किग्रॅ. वजनाची गाडी २०० मी. उंची उतरून येते तेव्हा सु. २० लाख जूल ऊर्जा कशात तरी खर्च व्हावी लागते. ती सर्व ब्रेकनी शोषली, तर सु. २० किग्रॅ. लोखंडाचे तापमान २००° से.हून अधिक वाढेल. घर्षण पट्ट्या अतिशय तापल्यावर त्यांची पकड कमी होते व पायाला पेडल कडक लागूनही गाडी थांबत नाही. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. ब्रेकचा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट ३ व डॉट ४ या प्रतींच्या नव्या द्रवांचे किमान उत्कलनबिंदू अनुक्रमे २०५° व २३०° से. असतात, सु. ३·७ टक्के पाणी शोषल्यावर ते १४०° व १५५° से. इतके खाली येतात. जुना द्रव उतारावर उकळला की नळ्यांत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल कोणताही विरोध न करता तळाला जाते. शहरातील मंद वाहतुकीत याच गाडीचे ब्रेक निर्दोष भासलेले असतात. म्हणून द्रवाची पातळी योग्य दिसत असली, तरी साधारणपणे दर दोन वर्षांनी तो बदलणे आवश्यक असते.

सासवडकडून दिवे घाट उतरताना, किंवा अशा कोणत्याही उतारावर, ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो साधारणपणे त्याच गिअरमध्ये उतरावे. त्यामुळे एंजिनच गाडीचा वेग आवरते व ब्रेक थोड्या थोड्या वेळाने, पण निश्चितपणे दाबून मोकळे सोडता येतात. पेडलवर पाय सतत टेकवून ठेवू नये. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची चाल कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आली आहे. आताच्या एंजिनात गिअर घातलेला असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा जवळजवळ पूर्ण थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे या सवयीत बचत नाही आणि एंजिनाचा आधारही जातो. एंजिन बंद करून उतरणे तर सर्वथा वर्ज्य आहे. ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात थोड्याच वेळात संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि किल्ली पूर्ण फिरविल्यास काही गाड्यांत स्टिअरिंगला कुलूपही पडते. ब्रेक निकामी झाल्याचे जाणवल्यास पेडल भराभर मारावे, एकेक करून खालचे गिअर टाकावेत, हातब्रेक हळूहळू ओढावा आणि भोंगा व दिवे यांनी इतरांना सावध करावे.

इतर लक्षणांपैकी पेडल स्पंजासारखे मऊ लागणे नळ्यांतील हवा दर्शविते. थांबलेल्या गाडीत दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मुख्य सिलिंडरातील रबरी भाग झिजलेले असतात किंवा कोठे तरी गळती असते. ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जाणे, पेडल थरथरणे व धातूवर धातू घासल्याचा आवाज ही अनुक्रमे एका बाजूचा ब्रेक अडकल्याची, तबकडी असमान झिजल्याची व घर्षण पट्ट्या संपल्याची चिन्हे होत. ब्रेकचा लाल दिवा हातब्रेक सोडल्यावरही पेटलेला राहिल्यास गाडी पुढे नेऊ नये.

टायर : टायरमधील हवेचा योग्य दाब गाडीच्या दाराच्या चौकटीवरील किंवा इंधन टाकीच्या झाकणावरील पट्टीवर दिलेला असतो. टायरच्या कडेवर छापलेला दाब हा कमाल मर्यादेचा असून तो भरू नये. मोजमाप टायर थंड असताना करावे. लांबच्या प्रवासानंतर दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडून देणे चूक आहे. कमी हवेच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात वाकते व तापते. उन्हाळ्यात वेगवान रस्त्यांवर टायर फुटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. झिजेच्या खुणा वाचता येतात : दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी, मध्य झिजल्यास जास्त, एकच कड झिजल्यास चाकांची जुळणी बिघडलेली आणि जागोजाग खळगे पडल्यास चाकांचा समतोल किंवा धक्काशोषक सदोष. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अनुसार मोटारीच्या टायरवरील खाचा किमान १·६ मिमी. खोल असल्या पाहिजेत. सुट्या चाकाची हवा पाहण्यास बहुतेक लोक विसरतात. चाक बदलताना बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत, जॅक कठीण व सपाट जागी लावावा आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये.

गाडी सुरू न होणे : किल्ली फिरविल्यावर नुसता ‘टक्-टक्’ आवाज होऊन दिवे मंदावत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल वा पांढऱ्या-हिरव्या थराने माखलेली आहेत असे समजावे. दिवे प्रखर राहूनही स्टार्टर फिरत नसेल, तर दोष स्टार्टर किंवा त्याच्या जोडणीत असतो. स्टार्टर जोमाने फिरतो, पण एंजिन पेट घेत नाही, अशा वेळी बॅटरीला दोष देऊन उपयोग नाही. इंधन, ठिणगी अथवा चोरीरोधक यंत्रणा यांचा विचार करावा लागतो. डीझेल एंजिनात ठिणगीचा प्रश्न नसतो. तेथे इंधनमार्गात शिरलेली हवा किंवा तुंबलेली गाळणी हे नेहमीचे कारण होय. बारा व्होल्ट बॅटरी पूर्ण भारित असताना विश्रांत स्थितीत सु. १२·६ व्होल्ट दाखविते आणि एंजिन चालू असताना सर्वसाधारणपणे १३·५ ते १४·५ व्होल्ट दाब मिळतो. त्याहून कमी मिळाल्यास नवी बॅटरी बसवूनही गाडी पुन्हा बंद पडते, कारण दोष अल्टरनेटरचा असतो. २०२० मधील टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या पुष्कळ गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या, तर काहींच्या तारा उंदरांनी कुरतडल्या. उभ्या गाडीचे एंजिन पाच मिनिटे चालवून बंद करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ती अर्धा तास फिरवून आणणे अधिक लाभदायक असते.

वंगण : भुजादंड व त्याचे धारवे यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि एंजिनाचे सर्व सामर्थ्य त्या थरावर तोललेले असते. हडपसरलगत मुंढवा येथे भारत फोर्ज या कारखान्यात भुजादंड घडविले जातात. एवढ्या बळकट पोलादाचा भागही तेलाचा दाब गेल्यावर थोड्याच वेळात निकामी होतो. म्हणून चालत्या गाडीत तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागल्यास गॅरेज जवळ असले तरी तेथवर जाण्याचा मोह टाळून एंजिन तत्काळ बंद करावे. तेलाची पातळी सपाट जागी, एंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहावी. निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर पेट्रोल गाडीतील काळा धूर हवेच्या मानाने इंधन अधिक होत असल्याचे दर्शवितो. हवेची गाळणी तुंबणे हे त्याचे एक सोपे कारण असते. तेल बदलण्याचा काळ उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्यातील ‘किलोमीटर किंवा महिने, जे आधी पूर्ण होईल ते’ ही अट रोज थोडेच अंतर तुटक-तुटक जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण अशा वापरात एंजिन पुरेसे तापत नाही व तेलात पाणी आणि इंधन साचते.

इशारा देणारे दिवे : लाल दिवा म्हणजे थांबा व पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासणी करा, असा सर्वसाधारण संकेत आहे. एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी बेताने चालवून गॅरेजपर्यंत नेता येते; तो उघडझाप करीत असेल तर एखाद्या सिलिंडरात ज्वलन चुकत असून न जळालेल्या इंधनाने उत्प्रेरकी परिवर्तक तापून खराब होत असतो, तेव्हा वेग उतरवून गाडी थांबविणे इष्ट. कारागीर संगणकीय उपकरण जोडून दोषाचा संकेतांक वाचतो. हा संकेतांक कोणत्या संवेदकाने तक्रार केली तेवढेच सांगतो. संवेदक बिघडला, त्याची तार तुटली की तो सांगतो ते खरे आहे, हे तपासूनच ठरवावे लागते. संकेतांक वाचून थेट भाग बदलण्याने ग्राहकाचा खर्च वाढतो आणि दोष तसाच राहतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा व नव्याची वेष्टने पाहावीत. पुण्यातील नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात एकाच भागाच्या अनेक प्रती मिळतात. आरशाची चौकट स्वस्त प्रतीची घेणे चालते, ब्रेकच्या पट्ट्यांबाबत तसे करू नये.

पावसाळा : २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पाण्यातून काढलेल्या गाडीची किल्ली फिरवून पाहण्याची इच्छा स्वाभाविक असली, तरी नुकसान बहुधा त्याच क्षणी होते. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही. परिणामी दट्ट्याचा दांडा वाकतो. अशी गाडी बॅटरी सोडवून, ओढूनच गॅरेजमध्ये न्यावी. साचलेल्या पाण्यात एंजिन बंद पडल्यासही हाच नियम लागू होतो. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर गेल्यास ते कोरडे होतात. वायपरचे रबर पावसाच्या तोंडावर बदलावे, कारण मे महिन्याच्या उन्हाने ते कडक झालेले असते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत एंजिन तेल, प्लग व क्लच नसतात आणि उतारावर मोटर जनित्राप्रमाणे वापरली जात असल्याने ब्रेकची झीज कमी होते. मात्र घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भारित असेल तर ही सोय मर्यादित होते व यांत्रिक ब्रेकवरच भिस्त राहते. त्यांतही शीतलक, ब्रेकचा द्रव व बहुधा बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असतेच. ती उतरल्यास मोठी बॅटरी भारित असूनही गाडी सुरू होत नाही. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असून प्रशिक्षित कारागिराखेरीज कोणीही त्यांना हात लावू नये.